सांगख्लाबुरी

सांगख्लाबुरी : थायलंडच्या पश्चिम सरहद्दीवरील एक ग्रामीण जिल्हा. कांचनबुरी प्रांताच्या अगदी वायव्य टोकाला तो असून त्याचे क्षेत्रफळ सु. ३,३४९ चौ. किमी. आहे. याच्या पश्चिमेस म्यानमार (ब्रह्मदेश), उत्तरेस ताक प्रांतातील उम्फांग, तर पूर्वेस व दक्षिणेस कांचनबुरी प्रांतातीलच सी सवात व थोंग फा फूम हे जिल्हे आहेत. थाई ‘बुरी’ म्हणजे संस्कृत ‘पुरी’. कांचनबुरी या प्रांतनामात तर दोन्ही पदे संस्कृत आहेत. ‘जिल्हा’ ही संज्ञा येथे थाई ‘अंफो’ या अर्थी योजिली आहे. प्रांताच्या (चांगवात) खालचा हा विभाग भारतातील तालुक्याच्या पातळीचा होय. जिल्ह्याचे ठाणे प्रांतिक राजधानी कांचनबुरीपासून दोनशे किमी.हून अधिक दूर आहे.

नकाशावर कडेला पडलेल्या या प्रदेशाला इतिहासात स्थान मिळाले, ते एका खिंडीमुळे. ‘तीन चेदींची खिंड’ (फ्रा चेदी साम ओंग) ही थायलंड व ब्रह्मदेश यांमधील डोंगराळ सरहद्द ओलांडण्याची प्राचीन वाट या जिल्ह्यात येते. ‘चेदी’ हे ‘चैत्य’ या शब्दाचे थाई रूप. या वाटेने सैन्ये आली, निर्वासित आले, रूळ आले. सरहद्दीची रेषा, लोहमार्ग, जलाशय व अभयारण्य यांच्या मर्यादा मात्र प्रत्येक वेळी दूरच्या राजधानीत ठरल्या आणि त्यांप्रमाणे आपले गाव, शेत व नागरिकत्व बदलून घेण्याची पाळी येथील कारेन व मोन लोकांवर आली.

भूवर्णन : जिल्हा तेनासरीम पर्वतरांगेत वसलेला असून बहुतेक भाग चुनखडकाच्या डोंगरांनी व दाट अरण्यांनी व्यापलेला आहे. सपाट जमीन फार थोडी. सोंगकालिया, बिखली व रांती या तीन नद्यांचा येथे संगम होतो व त्यातून ख्वे नोई ही नदी तयार होते. हीच दुसऱ्या महायुद्धामुळे जगभर ‘क्वाय’ या नावाने ओळखल्या गेलेल्या नदीव्यवस्थेची पश्चिमेकडील शाखा. संगमाच्या जागेला जुन्या बखरींत ‘साम सोप’ म्हटले आहे. १९८४ पासून हा संगम जलाशयाखाली गेला आहे. खिंडीची उंची समुद्रसपाटीपासून तीनशे मी.पेक्षाही कमी आहे. सैन्याच्या हत्तींना ती अवघड नव्हती. अडचण होती ती खिंडीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या, धान्य न पिकवणाऱ्या अरण्याची. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस या डोंगरांवर जोराने कोसळतो आणि मे ते ऑक्टोबर या काळात जुन्या वाटा चिखलात बुडत. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याशिवाय येथील लष्करी इतिहास नीट उलगडत नाही.

इतिहास : ब्रह्मी राजा तबिनश्वेती याने १५४८ मध्ये आयुथया (अयोध्या) राज्यावर केलेली स्वारी याच खिंडीतून उतरली. राणी सुरियोथाय हिला रणांगणावर हत्तीवरून लढताना आलेले मरण या युद्धातले होय. त्यानंतरची सु. अडीचशे वर्षे ही वाट ब्रह्मी–सयामी युद्धांचा एक मुख्य मार्ग होती. जिल्ह्याच्या पूर्व भागातील ‘थुंग याइ नरेसुअन’ (नरेसुअनचे मोठे मैदान) या नावामागेही राजा नरेसुअन याने तेथे तळ दिल्याची आख्यायिका आहे.

१७६७ मध्ये आयुथयाचा नाश झाला आणि १७८२ मध्ये बँकॉक येथे चक्री राजवंश स्थापन झाला. या नव्या राज्याची कसोटी याच वाटेवर लागली. १७८५ मध्ये बोदाव्पाया या ब्रह्मी राजाने एकाच वेळी अनेक मार्गांनी सैन्ये धाडली. थाई इतिहासात ही मोहीम ‘नऊ सैन्यांचे युद्ध’ म्हणून प्रसिद्ध आहे. स्वतः राजाच्या आधिपत्याखालील मुख्य सैन्य तीन चेदींच्या खिंडीतून आले. परंतु कांचनबुरीजवळच्या लाट याच्या मैदानात सयामी फौजेने ते थोपवून धरले. मागून धान्य येईना, तेव्हा त्याला परतावे लागले. पुढच्या वर्षी ब्रह्मी सेनानींनी या अनुभवावरून धडा घेतला. आगेकूच करण्यापूर्वी त्यांनी साम सोप व था दिन डाएंग येथे, म्हणजे आजच्या सांगख्लाबुरी जिल्ह्याच्या हद्दीत, पक्के तळ उभारून कोठारे भरली. बेत चुकीचा नव्हता. पण शत्रू आपल्या दारात येण्याची वाट पाहण्याऐवजी राजा पहिला राम सैन्यासह वर चालून आला व त्याने ते तळ उद्ध्वस्त केले. त्यानंतर या खिंडीतून मोठे ब्रह्मी सैन्य सयामच्या मध्य प्रदेशात उतरले नाही.

या काळातील सांगख्ला हे ‘शहर’ (मुएंग) म्हणवत असले, तरी ते तटबंदीचे नगर नव्हते. ती एक सरहद्द-चौकी होती. ब्रह्मी सत्तेला कंटाळून सयामच्या आश्रयास आलेल्या मोन (रामन्न) लोकांवरून अशा सात चौक्यांना ‘सात रामन्न शहरे’ असे नाव पडले. चौक्यांवरील लोकांनी खिंडीवर नजर ठेवावी, शत्रूची चाहूल लागताच खाली वर्दी द्यावी आणि अरण्यातील जिन्नस खंडणी म्हणून पोचवावेत, एवढीच दरबाराची अपेक्षा असे. सांगख्ला येथे हे काम मुख्यतः प्वो कारेन लोकांकडे आले. एकोणिसाव्या शतकात येथील कारेन प्रमुखास दरबाराने ‘फ्रा सी सुवन्नखिरी’ (श्री सुवर्णगिरी) हा किताब दिला आणि तो पुढील प्रमुखांकडे चालत राहिला. जुन्या सयामी राज्यपद्धतीत डोंगरी लोकांच्या वाट्याला आलेले हे बहुधा सर्वांत मानाचे स्थान होय. प्रमुख दरबाराचा मांडलिक असला, तरी आपल्या लोकांपुरता तो राजाच होता.

यांदाबोच्या तहाने (१८२६) तेनासरीम इंग्रजांकडे गेला आणि खिंडीपलीकडे नवा शेजारी आला. त्याच सुमारास वाटाघाटींसाठी बँकॉकला गेलेल्या हेन्री बर्नी याला सरहद्दीची नेमकी रेषा हवी होती. सयामी दरबाराला तिची निकड वाटेना. त्यांच्या लेखी सरहद्द म्हणजे वाटांवरील चौक्या व त्या राखणारी माणसे. दोन चौक्यांमधील अरण्य कोणाचे, हा प्रश्न मित्रराज्यांत उपस्थित होण्याचे कारणच नव्हते. अखेर ८ फेब्रुवारी १८६८ रोजी सयाम व इंग्लंड यांच्यात करार होऊन तेनासरीम आणि सयाम यांची सीमा ठरली. तेनासरीम त्या वेळी ब्रिटिश ब्रह्मदेशाचा, पर्यायाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा भाग होता. करारानंतर सांगख्लाचा अर्थ बदलला. वाट राखणारी चौकी एका रेषेवरील गाव बनली आणि रेषेच्या दोन्ही अंगांस नातीगोती असलेले कारेन व मोन लोक दोन राज्यांचे प्रजाजन ठरले. प्रत्यक्षात त्यांचे जाणेयेणे चालूच राहिले. ते थांबविण्याइतके मनुष्यबळ दोहोंपैकी एकाही राज्याकडे नव्हते.

राजा चुलालोंगकोर्न (पाचवा राम) याच्या कारकीर्दीत राजपुत्र दाम्रोंग याने १८९२ पासून गृहखात्याची सूत्रे घेऊन प्रांतिक कारभाराची नवी घडी बसविली. मांडलिक प्रमुखांच्या जागी पगारी अधिकारी आले व प्रांतांची ‘मोन्थोन’ (मंडल) या मोठ्या विभागांत वाटणी झाली. सांगख्ला ‘मुएंग’ न राहता अंफो झाला, आणि पुढे काही काळ त्याचा दर्जा ‘किंग अंफो’ म्हणजे उपजिल्ह्याइतका उतरविण्यात आला. कारेन प्रमुखाचा किताब नाममात्र उरला. आज खिंडीत दिसणारे तीन लहान पांढरे चेदी १९२९ च्या सुमारास सांगख्लाच्या अखेरच्या फ्रा सी सुवन्नखिरीने ग्रामस्थांकरवी बांधून घेतले. त्यापूर्वी तेथे दगडांच्या राशी होत्या. वाटसरूंनी खिंड ओलांडताना त्या रचल्या, असे सांगतात. अधिकार गमावलेल्या प्रमुखाने उभारलेली ही खूण पुढे राष्ट्राच्या सरहद्दीचे प्रतीक ठरावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

लोहमार्ग व युद्ध : दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आपल्या सैन्याला रसद पोचविण्यासाठी जपानने थायलंडमधील नाँग प्लादुक ते ब्रह्मदेशातील थानब्यूझायात असा सु. ४१५ किमी. लांबीचा लोहमार्ग बांधला. १९४२ च्या मध्यास काम सुरू झाले आणि दोन्ही बाजूंनी येणारे रूळ १७ ऑक्टोबर १९४३ रोजी कोनकोइता येथे जुळले. हे ठिकाण आजच्या सांगख्लाबुरी जिल्ह्याच्या परिसरात, खिंडीच्या दक्षिणेस येते. क्वाय नदीवरील पुलामुळे पर्यटकांची गर्दी कांचनबुरी शहरात होते. मृत्यूचे प्रमाण मात्र खिंडीजवळच्या या वरच्या टप्प्यात अतिशय भयंकर होते. कारणे तीच, जी बोदाव्पायाच्या सैन्याला नडली : पाऊस व धान्याचा तुटवडा.

‘एफ फोर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सु. ७,००० ऑस्ट्रेलियन व ब्रिटिश युद्धकैद्यांची तुकडी एप्रिल १९४३ मध्ये सिंगापूरहून निघाली. अन्न मुबलक असलेल्या, आरोग्यदायी ठिकाणी नेत आहोत, असे जपान्यांनी सांगितल्यामुळे तीत आजारी माणसांचाही भरणा होता. बान पोंग येथे आगगाडीतून उतरवून त्यांना सु. ३०० किमी. अंतर रात्रीच्या मजला करीत चालविण्यात आले. नीके, सोंगकुराइ (सोंगकालिया) वगैरे छावण्यांत ती पोचेपर्यंत पावसाळा सुरू झाला, पटकीची साथ पसरली आणि बैलगाडीची वाटही बंद झाली. तशाही स्थितीत माती उपसणे, लाकूडतोड व पुलाची बांधणी ही कामे चालू ठेवण्यात आली. वर्षभरात तुकडीतील सु. ३,१०० माणसे मृत्यू पावली.

युद्धकैद्यांबरोबर अधिकारी होते, डॉक्टर होते. त्यांनी चोरून का होईना, मृतांच्या नोंदी ठेवल्या. लोहमार्गावर राबलेल्या अशियाई मजुरांना यांतील काहीच लाभले नाही. यांत ब्रह्मी, मोन, मलायी व जावानीज यांच्याबरोबर मलायातील रबराच्या मळ्यांवरून फसवून अथवा बळजबरीने आणलेले तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने होते. अशियाई मजुरांची एकूण संख्या सर्वसाधारणपणे दोन लाखांच्या वर धरली जाते आणि मृतांचा आकडा सु. ९०,००० सांगितला जातो, युद्धकैदी सु. ६०,००० असून त्यांपैकी १२,००० हून अधिक मरण पावले. युद्धानंतर या टप्प्यातील सैनिकांची थडगी उकरून अवशेष कांचनबुरी व थानब्यूझायात येथील युद्धस्मशानांत नेण्यात आले. मजुरांपैकी बहुतेकांची नावेही उरली नाहीत. हिंदी स्थलांतरितांच्या इतिहासातील हा एक मोठा संहार असूनही भारतातील वाचकांना तो फारसा परिचित नाही.

युद्ध संपल्यावर सरहद्दीवरील काही किमी. रूळ ब्रिटिश सेनेने काढून टाकले व उरलेला थायलंडमधील मार्ग थाई सरकारला विकण्यात आला. थाई रेल्वेने त्यातील नाम तोकपर्यंतचा भाग टप्प्याटप्प्याने दुरुस्त करून चालू ठेवला (१९५८). त्यापलीकडचा मार्ग उखडला गेला. सांगख्लाला आलेली आगगाडी अशा रीतीने अवघी दोन-तीन वर्षे टिकली.

मोन वसाहत व जलाशय : ब्रह्मदेशाला १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर तेथे लगोलग अंतर्गत युद्ध पेटले. खिंडीतून मोन कुटुंबे येऊ लागली. त्यांचे पुढारीपण उत्तम (१९१०–२००६) या मोन भिक्षूकडे आले. थाई लोक त्यांना आदराने ‘लुआंग फो’ (पूज्य पिता) उत्तम म्हणत. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी तिन्ही नद्यांच्या संगमावर वांग विवेकाराम हा विहार स्थापिला व त्याभोवती मोन गाव वसले. नवागतांना कागदपत्रे नव्हती, जमीन नव्हती. विहार हीच त्यांची शाळा, कचेरी व न्यायसभा होती. बुद्धगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवरील उंच चेदी उत्तम यांच्याच प्रेरणेने उभा राहिला.

१९७९ मध्ये थायलंडच्या वीजनिर्मिती प्राधिकरणाने थोंग फा फूम येथे ख्वे नोईवर खाओ लेम धरणाचे काम हाती घेतले. ९२ मी. उंच व १,०१९ मी. लांब असे हे दगडी भरावाचे, काँक्रीट-दर्शनी धरण १९८४ मध्ये पूर्ण झाले. त्याची वीजनिर्मितिक्षमता ३०० मेगॅवॉट आहे. २००१ मध्ये त्याला तत्कालीन युवराज वजिरालोंगकोर्न यांचे नाव देण्यात आले. सु. ३८८ चौ. किमी.च्या जलाशयाखाली सांगख्लाचे जुने ठाणे, संगमावरील विहार, कारेन व मोन गावे आणि मृत्युमार्ग म्हणून ओळखल्या गेलेल्या लोहमार्गाचा मोठा टप्पा गेला. नवे ठाणे उंचावर वसविण्यात आले. थाई नागरिकत्व नसलेल्या मोन कुटुंबांना बुडीत जमिनीचा हक्क सांगण्याची सोय नव्हती. त्यांची नवी वस्ती विहाराने मिळविलेल्या जमिनीवर, सोंगकालियाच्या पैलतीरी उभी राहिली. नदीकाठच्या सुपीक गाळाच्या शेतीला पारखे झालेले अनेकजण मासेमारी व मजुरीकडे वळले.

धरण पूर्ण होत असतानाच पूर्वेकडील अरण्याचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर गाजत होता. २९ एप्रिल १९७३ रोजी थुंग याइमध्ये चोरटी शिकार करून परतणाऱ्या लष्करी व पोलीस अधिकाऱ्यांचे एक हेलिकॉप्टर नाखोन पाथोम प्रांतात कोसळले आणि त्यात वन्य प्राण्यांचे मांस आढळले. या प्रकरणाने विद्यार्थ्यांचा सरकारविरोधी असंतोष वाढला. ऑक्टोबर १९७३ मध्ये लष्करी राजवट कोसळली, त्यामागील कारणांत त्याची गणना होते. १९७४ मध्ये थुंग याइ नरेसुअन वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. ख्वे याइ नदीवरील नियोजित नाम चोन धरणामुळे त्याचा मध्यभाग बुडणार होता. तीव्र लोकविरोधामुळे ती योजना १९८८ मध्ये बाजूस ठेवण्यात आली. १९९१ मध्ये हुआइ खा खेंग या लगतच्या अभयारण्यासह थुंग याइचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

या अरण्यात प्वो कारेन गावे पूर्वापार आहेत. फिरत्या शेतीत एका वर्षी भात घ्यावयाचे आणि मग ती जमीन अनेक वर्षे पडीक ठेवून रान वाढू द्यावयाचे, ही त्यांची रीत. अभयारण्याच्या कायद्याने हे लोक आपल्याच गावात अतिक्रमक ठरले. पडीक ठेवलेल्या शेतात वाढलेले रान पुन्हा तोडणे हा गुन्हा झाला. कित्येक गावांवर स्थलांतराचा दबाव आला. ३ ऑगस्ट २०१० रोजी थाई मंत्रिमंडळाने कारेन जीवनपद्धतीच्या रक्षणाविषयी ठराव करून फिरत्या शेतीला मान्यता दिली. परंतु ठराव कायद्याच्या बरोबरीचा नसल्याने वनखात्याशी होणारे तंटे मिटले नाहीत.

प्रशासन : जिल्ह्याचे नाँग लू, प्रांग फ्ले व लाइ वो असे तीनच तांबोन (उपविभाग) असून त्यांत २० गावे आहेत. लाइ वो या कारेन नावाचा अर्थ ‘तांबडा कडा’ असा सांगतात. हा तांबोन बहुतांशी अभयारण्यात मोडतो. जिल्हाधिकारी (नाय अंफो) हा गृहखात्याने नेमलेला बदलीपात्र अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली तांबोनचा मुखिया (काम्नान) व गावचा पाटील (फू याइ बान) ही १९१४ च्या स्थानिक प्रशासन कायद्याखालील पदे आहेत. १९९४ च्या कायद्यानंतर तांबोन पातळीवर निर्वाचित प्रशासन संस्था आल्या. कागदावर ही उतरंड सुटसुटीत आहे. प्रत्यक्षात जलाशय वीज प्राधिकरणाचा, अरण्य वन व राष्ट्रीय उद्यान खात्यांचे आणि सरहद्द सैन्य व सीमा गस्त पोलीस यांच्या अखत्यारीतली असल्यामुळे जिल्हाधिकाऱ्याच्या सत्तेखाली निर्विवादपणे येणारी जमीन थोडीच उरते.

त्याच्या कचेरीचे खरे महत्त्व नोंदणीपुस्तकात आहे. १९५६ मधील गृहनोंदणीचे अधिकारी अनेक डोंगरी वस्त्यांपर्यंत पोचलेच नाहीत; त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारे कित्येक कारेन परके ठरले. १३ डिसेंबर १९७२ च्या क्र. ३३७ च्या लष्करी फर्मानाने परदेशी आईबापांच्या पोटी थायलंडमध्ये जन्मलेल्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ९ मार्च १९७६ पूर्वी आलेल्या ब्रह्मी निर्वासितांना एका रंगाचे ओळखपत्र, नंतरच्यांना दुसऱ्या रंगाचे, अशी वर्गवारी होत गेली. ओळखपत्रधारकाला परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जाता येत नसे. पूर्वी सरहद्दीवर पहारा करणाऱ्यांच्या वंशजांना अशा रीतीने जिल्ह्याची हद्दच ओलांडता येईनाशी झाली. २००८ च्या नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीने १९७२ च्या फर्मानाने बाधित झालेल्यांना नागरिकत्व परत मिळविण्याचा मार्ग मोकळा केला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या व त्यांच्या थायलंडमध्ये जन्मलेल्या मुलांच्या, मिळून सु. ४,८३,००० लोकांच्या अर्जांचा निकाल लवकर लावण्याची पद्धत मान्य केली; यांत सांगख्लाबुरीसारख्या सरहद्द-जिल्ह्यांतील रहिवासी येतात.

खिंडीपलीकडील पायाथोन्झू हे गाव दीर्घकाळ मोन व कारेन बंडखोर संघटनांच्या ताब्यात होते. सरहद्दीवरील व्यापाराच्या जकातीवरून जुलै १९८८ मध्ये या दोन संघटनांतच लढाई जुंपली. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जिंकून घेतले. न्यू मोन स्टेट पार्टीने १९९५ मध्ये ब्रह्मी सरकारशी युद्धबंदी केली व त्याच सुमारास थायलंडने मोन निर्वासितांच्या छावण्या सरहद्दीपलीकडे हलविल्या. कारेन निर्वासितांसाठी जिल्ह्यात बान डोन यांग ही छावणी आहे. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी उठावानंतर निर्वासितांची व कामाच्या शोधात खिंड ओलांडणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढली.

डोंगरी भात, रबर, मासेमारी व सरहद्दीवरील व्यापार हे लोकांचे मुख्य व्यवसाय असून अलीकडे पर्यटनाची त्यांत भर पडली आहे. थाई ठाणे व मोन वस्ती यांना जोडणारा उत्तमानुसोर्न हा लाकडी पूल उत्तम यांच्या पुढाकाराने १९८६–८७ मध्ये ग्रामस्थांनी बांधला. थायलंडमधील सर्वांत लांब लाकडी पूल म्हणून तो प्रसिद्ध आहे. २८ जुलै २०१३ रोजी पुरात वाहून आलेल्या ओंडक्यांच्या माऱ्याने त्याचा मधला भाग कोसळला. दुरुस्ती होईपर्यंत गावकऱ्यांनी बांबूंचा तरंगता पूल करून वाहतूक चालू ठेवली. मूळ पूल २०१४ मध्ये पुन्हा खुला झाला. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली की जुन्या वांग विवेकारामच्या उपोसथागाराच्या भिंती उघड्या पडतात व तेथपर्यंत चालत जाता येते. एरव्ही नावेने जावे लागते.